राखेतलं बी

नाना भेंडी पुसायचे. भाजी धुतात, निवडतात, चिरतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण एकेक भेंडी हातात घेऊन जुन्या धोतराच्या फडक्याने देठापासून टोकापर्यंत पुसणारा माणूस मी तरी तेवढा एकच पाहिला. सकाळी कामावर जाण्याआधी ते भेंड्या धुऊन खाटेवर पंच्यावर पसरून ठेवायचे आणि पहिल्या पाळीहून परत आले की मागच्या दारात पाट टाकून पुसायला बसायचे. कुणी म्हणालं, नाना, आटपा आता, की ठरलेलं उत्तर यायचं, "घाई कसानी शे? भेंडी काय उठीसन चालनी का?"

भेंडी चिकट झाली की आपण भेंडीला नावं ठेवतो. नानांच्या मते दोष आपला. "वल्ली भेंडी चिरी का ती रडस," असं ते म्हणायचे. अंगावर पाणी असताना सुरी लावली तर ती रडणारच, त्यात तिचं काय चुकलं?

भुसावळजवळ दीपनगरच्या कॉलनीत आमची क्वार्टर्स शेजारी शेजारी होती, मध्ये मेंदीचं कुंपण. वीज केंद्रात नाना कोळसा विभागात फिटर आणि मी राख विभागात. माझी डिप्लोमाची गुर्मी अजून उतरली नव्हती. पहिल्या भेटीत त्यांनी मला माझा विभाग विचारला आणि खूश होऊन म्हणाले, "म्हंजे मी कोयसावाला, तू राखवाला. मन्हाकडथाईन जास ते तुन्हाकडे येस." तेव्हापासून त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. राखवाला हेच माझं नाव.

नाना नरडाण्याकडचे. कॉलनीत चार मुलखांची माणसं होती, ऑफिसात सगळे पुस्तकी मराठी बोलायचे, पण नानांनी आपली अहिराणी सोडली नाही. मोठ्या साहेबांशीही तीच. माझी बायको रावेरकडची. तिची बोली निराळी, त्यांची निराळी, तरी दोघांचं कुंपणावरून तासन्‌तास जमायचं, आणि मी जळगाव शहरात वाढलेला असल्याने दोघांना मिळून हसायला उपयोगी पडायचो.

त्यांच्या मागच्या अंगणात दोनच वाफे होते आणि दोन्हींत भेंडी. झाड माणसाच्या डोक्याच्या वर जायचं. खोड लालसर, पान हाताच्या पंज्याहून मोठं, फूल पिवळं आणि आत गर्द तांबडा डोळा. बाजारातली भेंडी पाच धारांची असते. नानांची सात धारांची, क्वचित आठ. आखूड, जाड, पांढुरकी, अंगावर बारीक लव. तोडताना हाताला खाज सुटायची. दिसायला कुणीही तिला सुंदर म्हटलं नसतं.

पण ती तव्यावर पडली की मग कळायचं. लोखंडी तवा, शेंगदाण्याचं तेल, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. झाकण नाही, पाण्याचा थेंब नाही, मीठ अगदी शेवटी. वरून दाण्याचा जाडसर कूट. नाना स्वतः कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापायचे आणि कुंपणावरून ताटली द्यायचे. मी भेंडी न खाणाऱ्यांपैकी होतो. दुसऱ्या वर्षी मी ताटली येते का म्हणून मागच्या दारात उगाच येरझाऱ्या घालायला लागलो.

हे बी त्यांच्या बायकोचं. आम्ही कॉलनीत येण्याआधीच त्या वारल्या होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या आईने ओटीत तांदळाबरोबर मूठभर बी घातलं होतं. तिच्या आईने तिला दिलं होतं, असं ते किती पिढ्या मागे जातं ते कुणाला ठाऊक नव्हतं. रीत अशी, की लेकीला स्वतःची माती मिळाली की बी लेकीकडे जायचं. नानांची एकुलती एक लेक धुळ्यात. लग्नानंतर सात-आठ वर्षं भाड्याच्या माडीवर राहिली, म्हणून बी थांबलेलं. "हाई बी मन्हं नही," नाना म्हणायचे, "मी निस्ता चौकीदार शे."

चौकीदार मात्र मोठा दिलदार होता. बी विकायचं नाही आणि मागितलं तर नाही म्हणायचं नाही, हे दोन नियम त्यांनी बायकोकडून घेतले होते. कॉलनीत निम्म्या घरांत त्यांचं बी गेलं होतं. लोक लावायचे, खायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा वाटी घेऊन दारात. नाना वाटी भरून द्यायचे आणि म्हणायचे, "बठ्ठा खातस, बी कोन्ही ठेवस नही." आम्ही हसायचो. त्यात मीही होतो.

ते स्वतः बी कसं ठेवायचे ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सर्वांत जोमदार चार झाडांच्या पहिल्या शेंगा ते तोडायचेच नाहीत. त्यांना बायकोच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली असायची. शेंगा झाडावरच वाळून तडकल्या की बी काढायचं, दोन दिवस सावलीत ठेवायचं, गेल्या वर्षीचं उरलेलं बी त्यात मिसळायचं, मग चुलीच्या राखेत घोळून सगळं एका गाडग्यात भरायचं आणि तोंड शेणमातीने लिंपून टाकायचं. जुनं बी नव्यात का मिसळता, असं मी विचारलं होतं. म्हणाले, म्हातारं माणूस घरात असलेलं बरं. गाडगं माळ्यावर जायचं ते थेट आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खाली यायचं.

चुलीची राख दरवर्षी गावाहून, भावाच्या घरून यायची. त्या वर्षी भावाकडे गॅस आला आणि चूल मोडली. नानांच्या घरी स्टोव्ह, आमच्याकडे गॅस, आजूबाजूला सगळीकडे गॅस. ज्या कॉलनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर राख, पानांवर राख, खिडकीच्या गजांवर राख, त्या कॉलनीत नाना दिवाळीच्या तोंडावर गाडगंभर राखेसाठी दारोदार फिरत होते. मला ते ऐकून हसू आवरेना.

आता माझी खोड सांगतो. कुणाचं काही अडलं की मला राहवत नाही. मदत मागितली नसली तरी मी करतो, आणि करताना चार शब्द शास्त्राचे ऐकवतो. अशी माणसं तुमच्याही आळीत असतील. त्यांच्यापासून जरा जपून राहा.

"नाना, राखवाला शेजारी असताना तुम्ही राख मागत हिंडता?" मी म्हटलं.

ते जरा घुटमळले. "ती कोयसानी राख शे रे. चूलनी नही."

मग मी त्यांना व्याख्यान दिलं. आमची राख चुलीच्या राखेपेक्षा कितीतरी बारीक, पिठासारखी. तिच्यात ना किडा ना ओल. बी दहा वर्षं टिकेल. नानांनी सगळं ऐकून घेतलं. त्या वर्षी बी नीट ठेवण्याला एक खास कारणही होतं. धुळ्याला लेकीने घर बांधलं होतं, मागे चार हात माती होती, आणि तिचं पत्र आलं होतं की नाना, आखाजीला येईन तेव्हा आईचं बी घेऊन जाईन.

वीज केंद्रात धुरातली बारीक राख जिथे साठते त्या लोखंडी नरसाळ्यांना आम्ही हॉपर म्हणतो. पहिली पाळी संपताना मी हॉपरखाली एक पत्र्याचा डबा धरला, भरला, झाकण लावून गोणपाटात गुंडाळला आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणला. त्याच संध्याकाळी आम्हाला दिवाळीसाठी रावेरला जायचं होतं. पॅसेंजर साडेसहाची. बायको ट्रंक बांधून दारात उभी. तिने डबा कुंपणावरून द्यायला उचलला आणि लगेच खाली ठेवला. "अहो, डबा चटके देऊन राह्यला."

"उन्हातून आणलाय," मी म्हटलं.

नानांनी बी काढून ठेवलं होतं. जुनं आणि नवं, सगळं एका परातीत. मी झाकण उघडलं. वरची राख कोमट होती. नानांनी गाडग्यात थोडी ओतली, बी घातलं, पुन्हा राख ओतली, आणि डब्याच्या तळची राख ओतताना त्यांचा हात थांबला.

"ऊन लागी राहिनी रे."

"निवेल घटकाभरात," मी म्हटलं. "भरा तुम्ही, मला गाडी गाठायचीय. तुम्हाला माळ्यावर चढता यायचं नाही, मी आत्ताच ठेवून जातो."

ते माझ्याकडे पाहत राहिले. आयुष्यात कुणाच्या घाईला भीक न घातलेला माणूस. "तू राखवाला शे," ते म्हणाले. "तुले समजस." आणि त्यांनी तोंड लिंपलं. मी गाडगं माळ्यावर ठेवलं, हात झटकले आणि स्टेशनकडे पळालो.

हॉपरच्या राखेबद्दल आमच्या विभागातला नवखा मजूरसुद्धा एक गोष्ट जाणतो. ती वरून निवते आणि आतून तासन्‌तास धगधगत राहते. नवीन माणूस कामावर आला की त्याला मीच सांगायचो, ढिगावर पाय देऊ नकोस, वरून थंड दिसते, बूट जळेल. रोज सांगायचो. ते मला त्या संध्याकाळी आठवलं नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे आठवलं होतं. गाडी चुकेल म्हणून मी ते बाजूला सारलं.

आखाजीला लेक आली. झोका, पुरणपोळी, सांजोऱ्या, सगळं झालं. गाडगं उतरवलं, लिंपण फोडलं, नानांनी बी चाळून अर्धं तिच्या पदरात घातलं. बापलेक दोघंही रडत होते आणि माझी बायकोही. मी राख कशी कोरडी राहिली ते सगळ्यांना दाखवत होतो.

मिरगात नानांनी बी ओल्या फडक्यात बांधून वाफ्यात टोचलं. पाचव्या दिवशी मोड दिसायला हवा. आठवा गेला, दहावा गेला. त्यांनी पुन्हा लावलं. मी येता-जाता वाफ्यात डोकावत होतो आणि नाना माझ्याशी हवापाण्याच्या गोष्टी बोलत होते. दुसऱ्या वेळच्याही बाराव्या दिवशी त्यांनी उरलेल्यातलं एक बी दाताखाली धरलं. कटकन फुटलं. आत पांढरं असायला हवं होतं, ते तपकिरी होतं. मीही एक फोडलं. भाजल्याचा वास आला, कॉफीसारखा.

नानांनी फुटलेलं बी तळहातावर घेतलं. मग म्हणाले, "म्हतारं व्हयनं बी." आणि आत गेले.

मी त्या दिवसापासून कॉलनी पालथी घातली. ज्या ज्या घरी नानांचं बी गेलं होतं त्या प्रत्येक दारात उभा राहिलो. एकाने सांगितलं, सगळी खाल्ली हो, फार गोड होती. दुसऱ्या म्हणाल्या, ठेवायचं कशाला, नानांकडे असतंच की. तिसऱ्याने मला बाजारातल्या हायब्रीड बियाण्याचं रंगीत पाकीट काढून दिलं, हे जास्त लागतं म्हणून. प्रत्येक घराला खात्री होती की नानांकडे आहे. त्या खात्रीने आम्ही सगळ्यांनी मिळून ते खाऊन संपवलं होतं.

शेवटी रजा काढून मी नानांच्या सासुरवाडीला गेलो. भुसावळहून धुळे, धुळ्याहून शिंदखेडा, तिथून तापीकाठच्या गावापर्यंत दुसरी एसटी. नानांना जळगावला जातो असं सांगितलं होतं. घरात त्यांच्या बायकोची भावजय होती, पार वाकलेली. सात धारांची भेंडी म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. "आमनं बी तर नणंदबाई लई गयी," ती म्हणाली. "तिन्हा घर शे म्हनीसन आम्हीन ठेयं नही." मग तिने मला गुळाचा चहा दिला आणि निघताना माझा हात धरून म्हणाली, "तठून मालेबी एक मूठ धाडजा, भाऊ."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

परत आलो तर धुळ्याहून लेकीचं पत्र येऊन पडलं होतं. नानांना बारीक अक्षर लागायचं नाही आणि लिहिताना हात थरथरायचा, म्हणून त्यांची पत्रं मीच वाचायचो आणि लिहायचो. मी ते वाचून दाखवलं. 'नाना, दोनदा लावलं. एकही उगवलं नाही. शेजारणीने बाजारचं बी लावलं, ते सगळं उगवलं. सासूबाई म्हणतात, तुझ्या आईचा हात वेगळा होता. माझ्याच हाताला गुण नाही का?'

नाना भिंतीकडे पाहत होते. "लिख," ते म्हणाले.

मी आंतरदेशीय पत्र उघडलं.

"मी गाडगं इस्टोजोडे ठेयेल व्हतं. बी भाजाई गयं. तुन्हा हातमा काहीच खोट नही."

माझं पेन थांबलं. गाडगं स्टोव्हजवळ कधीच नव्हतं. ते माळ्यावर होतं आणि मीच ते तिथे ठेवलं होतं. म्हणजे नानांना सगळं ठाऊक होतं. कदाचित राख ओततानाच कळलं होतं आणि मी एवढ्या हौसेने आणली म्हणून ते बोलले नव्हते. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. देणाऱ्यालाही त्यांना नाही म्हणता आलं नाही.

"नाना, ती राख मी..."

"लिख रे," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "ती वाट देखी राहिनी व्हई."

आणि मी लिहिलं. माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं की मी गाडगं स्टोव्हजवळ ठेवलं होतं, माझ्या हातून बी भाजलं गेलं. खाली नानांनी कापऱ्या हाताने सही केली. पेटीत पत्र टाकायलाही मीच गेलो. पेटीजवळ बराच वेळ उभा होतो. वाटलं फाडावं आणि नवं लिहावं, खरं काय ते. मग टाकून दिलं. तुम्ही म्हणाल, तेव्हा का नाही फाडलंस? मला सांगता येत नाही. एवढंच कळतं, की आत कुठेतरी मला हायसं वाटलं होतं, आणि त्याची लाज अजून वाटते.

त्याच वर्षअखेरीला नाना निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडून लेकीकडे धुळ्याला गेले. वाफे तसेच राहिले. नंतर तिथे राहायला आलेल्यांनी गुलाब लावले.

चार-पाच वर्षांनी कळलं की त्यांना अर्धांगवायू झाला आहे. मी आणि बायको भेटायला गेलो. बायकोला मी सगळं सांगितलेलं होतं. तिने एसटीत मला बजावलं, "आता तरी सांगून टाका लेकीला." मीही ठरवलं होतं. नाना खाटेवर उशीला टेकून बसले होते. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. डोळे मात्र तेच. मला पाहून ते हलले आणि डाव्या हाताने खाटेवर थोपटलं, म्हणजे बस.

लेक ताटली घेऊन आली. भेंडीची भाजी आणि दुधात कुस्करलेली भाकरी. "नाना, खाई ल्या ना," म्हणत ती त्यांना घास भरवू लागली. भाजी चिकट झाली होती. बाजारातली भेंडी, आणि संसारातल्या बाईला कुठे वेळ एकेक पुसत बसायला.

"आईची भेंडी असती तर नानांनी दोन भाकरी खाल्ल्या असत्या," ती मला म्हणाली. बोलणं हसून होतं, पण त्यातली धार लपत नव्हती. "तुम्हाला ठाऊक आहे ना? आईने जन्मभर जपलं आणि ह्यांनी स्टोव्हजवळ ठेवून भाजून टाकलं. इतका नीट माणूस, असं कसं झालं यांच्याकडून? मी अजून विचारते त्यांना. आधी गप्प बसायचे, आता तर बोलताच येत नाही." आणि तिने त्यांच्या ओठांवरचं खरकटं पदराने पुसलं.

बायको माझ्याकडे पाहत होती. "ताई," मी म्हटलं, "ते बी..."

नानांच्या डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. त्या पंजात एवढं बळ उरलं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. ते मला सांगू नको म्हणत होते, की आता तरी सांग म्हणत होते? मी पुष्कळ वेळ पाहिलं. तुमच्यापैकी कुणाला कळलं असतं तर असो, मला कळलं नाही. लेक घास हातात धरून थांबली होती.

"काय म्हणत होतात, भाऊ?"

"भाजी छान झालीय," मी म्हटलं.

नानांनी माझं मनगट सोडलं आणि घासासाठी तोंड उघडलं. त्यानंतर दोन महिन्यांनी ते गेले.